आधीची गोष्ट, जर्मन आवाजात

बाबा,

परवा माझ्या ऑफिसातून कार्ड आलं. पांढरं, जाड कागदाचं, कोपऱ्यात एक करडं पान छापलेलं. आत अकरा जणांच्या सह्या आणि सिल्केच्या, म्हणजे माझ्या टीमलीडच्या टपोऱ्या अक्षरात चार ओळी. मराठीत सांगायचं तर असं, की ज्या माणसाची आठवण हळूहळू निघून जात होती, त्याचा निरोप तुम्ही फार आधीपासून घेत होतात. आता त्यांची सुटका झाली. आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत.

वाचलं आणि कार्ड लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरखाली कोंबलं. निरंजनला दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, "आठवण निघून जात होती? कुणाची?" तुमची, बाबा! पुण्यातल्या जुन्या टेलिफोनधारकांचे नंबर ज्यांना नावानिशी पाठ, तीन अंकी नाटक ज्यांना सगळ्या पात्रांसकट पाठ, माझ्या माहेरच्या कुत्र्याचा वाढदिवससुद्धा ज्यांच्या लक्षात, त्यांची.

आता ही बातमी हॅम्बर्गमधल्या त्या अकरा जणांना कुणी दिली, ते तुम्हाला माहीत आहे. मी दिली. तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून, तुमच्यादेखत.

आज रविवार. निरंजन कालच पुण्याहून परतला, तुमचे सगळे दिवस करून. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले नाटकवाले पुढच्या रविवारी ऑनलाइन श्रद्धांजली सभा घेणार आहेत. निरंजन म्हणाला, "घरच्यांतर्फे दोन पानं तू लिही. मला नाही जमणार. आणि तुझं बाबांशी किती छान जमायचं." असं म्हणून तो तुमच्या नातीला, ईराला घेऊन एल्बे नदीच्या काठी फिरायला गेलाय, त्याला घरात बसवत नाही. आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. सभेत वाचायचं म्हणून चार गोड वाक्यं लिहिली होती, प्रेमळ सासरे, मुलीसारखी माया, वगैरे. माझं मलाच वाचवेना. फाडून टाकली. आता जे लिहितेय ते तुम्हालाच.

आपलं जमायचं हे मात्र खरं. गेल्या वर्षी तुम्ही तीन महिने आलात, आई त्यांच्या बहिणीच्या आजारपणामुळे येऊ शकल्या नाहीत, आणि मला आधी धडकीच भरली होती. एकटे सासरे, तीन महिने, आमच्या अडीच खोल्यांत! पण तुम्ही आठवड्याभरात हॅम्बर्ग खिशात घातलंत. बसचा पास काढून दिला, तर बंदरातल्या फेरीबोटी त्याच पासावर चालतात हे निरंजनला बारा वर्षांत माहीत नव्हतं, ते तुम्ही चौथ्या दिवशी येऊन सांगितलंत. आणि इथला नमस्कार, मॉइन! बसच्या ड्रायव्हरला मॉइन, बेकरीवालीला मॉइन, पावसात कुत्रा फिरवणाऱ्या म्हातारीला मॉइन. "अगं, एका शब्दात सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं भागतं. आपल्याकडे का नाही असं काही?" बेकरीवाली मला विचारायची, आज मॉइनवाले आजोबा कुठायत?

संध्याकाळी मी कांदा चिरायची, तुम्ही लसूण सोलायचात आणि आपला वाद चालायचा. त्या एका सिनेमावरून. न पाहिलेल्या सिनेमावरून महिनाभर भांडणारी दुसरी माणसं मला ठाऊक नाहीत.

तुम्ही तरुण असताना टेलिफोन खात्यातल्या हौशी मंडळींनी एक नाटक बसवलं होतं. खात्यातल्या एका साहेबांनी मुंबईत एक जुना काळा-पांढरा हॉलिवूडचा सिनेमा पाहिला, त्यांना तो इतका आवडला की घरी येऊन त्यांनी त्याचं मराठी नाटकच लिहून काढलं. गंमत म्हणजे तो सिनेमाही मुळात नाटकावरूनच केलेला. आणि ते नाटक म्हणजे दुसऱ्या एका नाटकाची आधीची गोष्ट! तुम्ही मला हे लसणीच्या पाकळ्या मांडून समजावलं होतंत. लेखिकेने पहिल्यांदा लिहिलं ते एका श्रीमंत घरातल्या हावऱ्या भावंडांविषयी. ते गाजलं. मग काही वर्षांनी त्याच भावंडांच्या तरुणपणाचं नाटक लिहिलं, त्यांच्या बापाच्या घरातलं. ही माणसं अशी का झाली ते दाखवणारं. "म्हणजे लिहायला नंतर, घडायला आधी," तुम्ही म्हणालात आणि एक पाकळी उचलून दुसरीच्या डाव्या बाजूला ठेवलीत.

त्यात तुम्ही बाप झाला होतात. कडक, कुणाला न जुमानणारा बाप. मला तर हसूच आलं होतं. घरात आई ओरडल्या की गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालणारा माणूस! पण तुम्ही उठून, सोललेला लसूण हातात घेऊन, नुसतं माझ्याकडे बघितलंत त्या बापासारखं, आणि माझं हसू गेलं.

तो सिनेमा मात्र तुम्ही कधी पाहिला नव्हता. इंटरनेटवर शोधून देते म्हटलं तर म्हणालात, "फोनवर? छे! पडद्यावर बघीन, नाहीतर राहू दे."

वाद असा होता. तुमचं म्हणणं, माणसाची आधीची गोष्ट कळली की त्याच्यावर राग धरवत नाही. माझं म्हणणं, ही शुद्ध पळवाट आहे.

"बापाने छळलं म्हणून पोरांनी जगाला लुटायचं? मग बापाला कुणी छळलं होतं, आजोबाने? कुठवर मागे जाणार बाबा?"

"पाय चालतील तिथवर जायचं."

"आणि ज्यांना लुटलं त्यांचं काय? त्यांनी सगळ्यांच्या आधीच्या गोष्टी ऐकत बसायच्या?"

"तू वकील व्हायचीस ती कॉम्प्युटरात कुठे शिरलीस, मॅनेजरीणबाई?"

वाद तिथेच थांबायचा, कारण कुकरची शिट्टी व्हायची किंवा ईरा यायची. सिनेमा बघून मग ठरवू, असं तुम्ही म्हणाला होतात.

आणि सिनेमा आला की हो! आमच्या घराजवळच्या छोट्या थिएटरात जुन्या हॉलिवूडपटांची मालिका लागली, दर रविवारी सकाळी अकरा वाजता. पत्रक ऑफिसात सिल्केनेच आणलं होतं, तिला जुन्या सिनेमांचं वेड. मी सहज यादी चाळली आणि तुमचा सिनेमा दिसला. कॅमेरा बंद करून, चालू मीटिंगमध्ये दोन तिकिटं काढली. जर्मनीत परदेशी सिनेमे सर्रास जर्मन आवाजात डब करून दाखवतात. मूळ आवाजात हवा असेल तर वेळापत्रकात नावाशेजारी तसं लिहिलंय का ते बघावं लागतं. हे इथे नवीन आलेल्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मी बघितलं नाही.

त्या रविवारी तुम्ही सकाळी सहापासून तयार. लग्नात घालायचा कोट, इस्त्रीची पँट, केसांना तेल. निरंजनला ईराच्या हँडबॉलच्या सामन्याला जायचं होतं, म्हणून आपण दोघंच. थिएटरच्या दारात सिल्के भेटली. तुम्ही "मॉइन!" म्हणालात, ती खूश झाली, आणि आपल्याच रांगेत माझ्या पलीकडे एक खुर्ची सोडून बसली. माझ्या पाठीचा कणा तिथेच ताठ झाला, हे आता कबूल करते. त्या वर्षी माझ्या बढतीचं चाललं होतं आणि मी ऑफिसच्या कुठल्याही माणसासमोर सहज वागूच शकत नव्हते.

अंधार झाला. संगीत वाजलं. पडद्यावर मोठं घर, खांब, बाप आला, बोलायला लागला. तुम्ही जरा वेळ ऐकलंत आणि माझ्या कानाशी आलात.

"मुग्धा, हे जर्मन बोलतायत."

खरं सांगते बाबा, तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बारा वर्षांत ही भाषा कानांना इतकी सवयीची झाली की अमेरिकेतला जमीनदार जर्मन बोलतोय यात मला काही वावगं वाटलं नाही. चूक कळली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो सिनेमा मी तुम्हाला असा दाखवत होते.

"बाहेर जाऊ या का?"

"छे गं! असू दे. मला पाठ आहे सगळं. तुला सांगतो ना मी."

आणि तुम्ही सांगायला लागलात. मला जर्मन कळत होतं, मला सांगायची काही गरज नव्हती. तुम्हालाही ते माहीत असणार. पण पडद्यावर ओठ हलत होते, आवाज कुणा जर्मन माणसाचा होता, आणि माझ्या डाव्या कानात तुम्ही तुमच्या खात्यातल्या साहेबांचं मराठी ओतत होतात, बापाचं, पोरांचं, त्या गप्प आईचं. किती सुरेख म्हणत होतात! हे मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुमची कुजबुज म्हणजे रंगभूमीवरची कुजबुज, शेवटच्या रांगेला ऐकू जाणारी. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून "प्स्स्ट" केलं. मी तुमच्या हातावर हात ठेवला. तुम्ही दोन मिनिटं थांबलात. परत सुरू. परत "प्स्स्ट". सिल्के समोर बघत होती, पण तिचा चेहरा अवघडलेला मला अंधारातही दिसत होता.

मग तो प्रसंग आला. बाप जिना उतरून येतो आणि घरातलं कुणीही उठत नाही. तुमच्या नाटकात खात्याच्या लाकडी खोक्यांचा जिना केला होता आणि या ठिकाणी टाळ्या पडायच्या, हे तुम्ही मला कितीदा सांगितलं होतंत. तुम्ही उभे राहिलात. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलात आणि भर थिएटरात, खणखणीत आवाजात म्हणालात, "मी जिना उतरतोय! या घरात मी जिना उतरलो की माणसं उभी राहतात!"

अख्खं थिएटर वळलं. पुढचा माणूस काहीतरी जोरात बोलला. सिल्के वाकून मला विचारायला लागली, सगळं ठीक आहे ना. आणि मी म्हणाले, तिला आणि त्या माणसाला आणि ऐकू जाईल त्या सगळ्यांना, "एन्टशुल्डिगुंग. एर इस्ट डेमेंट."

माफ करा. त्यांना स्मृतिभ्रंश झालाय.

इतकं सहज निघालं ते तोंडातून! आमच्यासारख्या घरांत, आईवडील राहायला आले की नवरा-बायकोची एक सोय असते. मराठी त्यांना कळतं, इंग्रजी कळतं, मग त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायचं ते जर्मनमध्ये. पोळी वाढता वाढता, चेहऱ्यावर हसू ठेवून. त्यांना सांग बाथरूममध्ये पाणी सांडू नका. त्यांचं रोजचं तेच ते ऐकून माझं डोकं दुखतंय. आम्ही तुमच्यासमोर असं कितीदा बोललो, तुम्ही मान खाली घालून वरण ओरपत असायचात आणि आम्हाला वाटायचं, चला, कळलं नाही. त्याच सवयीने मी बोलले. आणि शब्द कुठला वापरला, तर डेमेंट! चौतीस वर्षं खात्याच्या इंग्रजी फायली हाताळलेल्या माणसासमोर. तो शब्द कळायला जर्मन कशाला यायला हवं?

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. रागाने बघितलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही बघितलंत ते काहीतरी पहिल्यांदाच कळल्यासारखं, आणि खाली बसलात. पुढचा माणूस "आख् झो" म्हणाला, अच्छा, असं होय, आणि तुमच्याकडे बघून मायेने हसला. सगळ्यांनी तुम्हाला माफ करून टाकलं. उरलेला सिनेमा तुम्ही हात मांडीवर ठेवून गप्प पाहिलात, न कळणाऱ्या भाषेत, शेवटपर्यंत. आणि मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. आता लाज वाटते ती मुख्य त्याची. शब्द तोंडातून निसटला म्हणता येईल, पण ते बरं वाटणं निसटलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सिल्केने माझे दोन्ही हात हातात घेतले. तिची आईही अशीच गेली म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने टीमला सांगितलं, आणि दर बुधवारी मला घरून काम करायची मुभा दिली, तुमची देखभाल करता यावी म्हणून. मी घेतली. तुम्ही पुण्याला परत गेल्यावरही सोडली नाही. बढतीही झाली.

बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "छान होता. बापाचं काम केलंय त्याचे डोळे चांगले होते." मी म्हटलं, सॉरी बाबा, जर्मन निघाला. "त्यात काय गं," तुम्ही म्हणालात. त्या गोष्टीची माफी मागून मी मोकळी झाले.

त्या दिवसापासून तुमचं मॉइन बंद झालं. बस आली की तुम्ही माझ्या मागे उभे. बेकरीत गेलो की माझ्या कोपराला हात लावून पुढे करायचात, तू बोल. निरंजन म्हणाला, बाबा थकलेत, तीन महिने जास्तच होतात या वयात. मी म्हटलं, गेनाऊ, तेच. घरात मात्र तुम्ही ईराला समोर बसवून पाढे म्हणायला लागलात. एकोणतीसचा, मग पाऊणकी, मग औटकी. ती कॅल्क्युलेटर घेऊन तपासायची आणि "रिख्टिख!" ओरडायची, बरोबर! मग जुने टेलिफोन नंबर. मग खात्यातल्या सगळ्यांची नावं, टेबलं लागली होती त्या क्रमाने. मला वाटायचं, आजोबा-नातीचा खेळ चाललाय. मी लॅपटॉपवरून मानसुद्धा वर करायची नाही. तुम्ही स्वतःची परीक्षा घेत होतात हे मला वर्षभराने, तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी आईंचा फोन आला. निरंजन तिथेच होता, पण त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. म्हणाल्या, "अगं मुग्धा, तुला सांगू का, तुझ्याकडून आल्यापासून त्यांनी डोक्यात घेतलं होतं, की मला विसरायला होतंय. मी म्हणते, अहो, माझी सगळी औषधं तुम्हीच लक्षात ठेवता! पण नाही. दोन डॉक्टर झाले. सगळ्या तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. दोघंही म्हणाले, तुमची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली आहे. तरी विश्वास नाही. वहीत लिहून ठेवायचे, आज मंगळवार, गोळी घेतली, निरंजनचा फोन आला. संघातलं नाट्यवाचन सोडलं. मध्येच विसरलो तर हसं होईल म्हणे. आणि या उन्हाळ्यात तुमच्याकडे यायला नाही म्हणाले ना, ते काही गुडघे नव्हते गं. म्हणाले, तिकडे हरवलोबिरवलो तर पोरांना ताप."

 मी विचारलं, "पण आई, त्यांच्या डोक्यात हे घातलं कुणी?"

"तेच तर! मी खनपटीला बसले. म्हणायचे, ज्याला दिसलं त्याने सांगितलं, आणि तो माझ्या भल्याचाच माणूस आहे. नाव नाही घेतलं शेवटपर्यंत."

बाबा, दोन डॉक्टरांपेक्षा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मुग्धा हुशार आहे, उगाच बोलायची नाही, असंच ना? अहो, एकदा तरी विचारायचंत! एकदा फोनवर म्हणायचंत, मुग्धा, तुला काय दिसलं माझ्यात? मी तिथल्या तिथे तुमच्या पायांवर पडले असते. पडले असते का? कोण जाणे. कदाचित म्हणाले असते, काहीतरीच काय बाबा, तुम्हाला ऐकायला चुकलं असेल. माझं मला सांगता येत नाही.

आणि निरंजन. तो काल आल्यापासून तुमची वही घेऊन बसलाय. तिच्या मागच्या पानांवर तुम्ही अख्खं नाटक लिहून काढलंय, आठवतंय का ते बघायला. एकाही ओळीवर खाडाखोड नाही. ती पानं उलटत तो रडतो, कारण त्याला वाटतं हे त्याच्यामुळे झालं. दिवाळीत फोनवर तो तुमच्यावर खेकसला होता, "बाबा, हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय, विसरायला लागलात का?" पुण्याहून रोज फोन करून मला हेच सांगत होता. मी बोललो ते त्यांच्या जिव्हारी लागलं गं, मी त्यांना संपवलं. आणि मी इकडून म्हणत होते, असं नको बोलूस रे. बस, एवढंच म्हणत होते.

आत्ता लिहिता लिहिता माझा हात आपोआप मागे गेला. मी इथे आले तेव्हाचं लिहायला लागले होते. पहिल्या ऑफिसच्या किचनमध्ये डबा गरम केला म्हणून खिडक्या उघडणारी बाई. दुपारी मिक्सर लावला म्हणून दारावर चिकटवलेली चिठ्ठी. माझ्या जर्मनची मीटिंगमध्ये झालेली नक्कल. आपल्यामुळे कुणी मागे वळून बघू नये म्हणून मी बारा वर्षं श्वाससुद्धा हळू घ्यायला शिकले, असं छान वाक्यही सुचलं होतं. सगळं खरं आहे. पण खोडलं. आधीची गोष्ट म्हणजे पळवाट, हे तुमच्याशी मी भांडून भांडून म्हटलंय. दुसऱ्यांना एक नियम आणि स्वतःला एक, असं कसं चालेल? तुम्ही असतात तर ती गोष्ट माझ्याकडून काढून घेतली असतीत, लसूण सोलत ऐकली असतीत आणि मला माफही करून टाकलं असतंत. म्हणूनच नाही सांगत.

दार वाजलं. आले वाटतं दोघं.

आता संध्याकाळ आहे. मधे जे झालं तेही लिहिते.

ईरा हातपाय धुवायला गेली. निरंजन समोर येऊन बसला, म्हणाला, "झालं लिहून?" मी म्हटलं, "निरंजन, बाबांच्या डोक्यात ते तू नाही घातलंस. मी घातलं." त्याला कळेना. मग मी सगळं सांगितलं, थिएटर, सिल्के, बुधवार, सगळं. कार्ड काढून समोर ठेवलं. त्याने ते वाचलं, दोनदा वाचलं.

"मी तिकडून रोज रडत होतो," तो म्हणाला. "तू ऐकत होतीस."

"हो."

"रोज?"

"रोज."

 खिडकीपाशी गेला, परत आला. मग म्हणाला, "काय म्हणालीस नेमकं? त्याच शब्दांत सांग." मी मराठीत सांगायला लागले तर म्हणाला, "नाही. म्हणालीस तसं."

मी म्हणाले. आपल्या घरात, तुम्ही लसूण सोलायचात त्या टेबलाशी. एर इस्ट डेमेंट.

निरंजनने डोळे मिटून घेतले. आणि दारातून आवाज आला, "वेअर?" कोण? ईरा टॉवेल घेऊन उभी होती, हात अजून ओले.  तिने आमच्याकडे बघितलं, टेबलावरच्या तुमच्या वहीकडे बघितलं. तिला समजलं.

"आबर आजोबा वार दोख गार निख्त डेमेंट!" ती चिडून म्हणाली. आजोबांना तसलं काही नव्हतंच मुळी! औटकीचा पाढा एकदाही चुकला नव्हता, तिने स्वतः तपासला होता.

"नव्हतं," मी म्हटलं. "मी खोटं बोलले होते."

ती जवळ आली. नऊ वर्षांची पोर, पण माझ्याकडे अशी बघत होती की मला मान वर करवेना.

"हास्ट दू इम दास गेझाग्ट?" तिने विचारलं. खोटं होतं, हे तू त्यांना सांगितलंस का?

"नाही गं," मी म्हणाले. "नाही सांगितलं."

बाबा, तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं.